नर्सिंगच्या मुलींना ‘संस्कृती आणि आरोग्य’ शिकवायचं कसं? २२ वर्षं शिकवल्यानंतरचं माझं उत्तर

प्रश्न एका नवीन ट्यूटर ताईंचा आहे. त्या जी.एन.एम. (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. ‘संस्कृती आणि आरोग्य’ हा भाग दोन तासात उरकतो, मुली तक्ता पाठ करतात, हिंदू पेशंट असा, मुस्लिम पेशंट असा, आदिवासी पेशंट असा, परीक्षेत मार्कही पडतात. आणि वॉर्डात गेल्यावर त्याच मुली बाळंतिणीच्या आईला ‘अहो आजी, काय हे अडाण्यासारखं करताय’ म्हणून झापतात. तर हे शिकवायचं तरी कसं, असं त्या विचारतायत.

ताई, पहिली सहा-सात वर्षं मीही हाच तक्ता फळ्यावर काढायचे, म्हणून सगळ्यात आधी तो बंद करा असं सांगते. तक्ता चुकीचा असतो हे एक कारण झालं. त्यात लिहिलेलं असतं हिंदू म्हणजे दहन, आणि सोलापूर-लातूरकडच्या वॉर्डात लिंगायत घरातलं माणूस गेलं की ते लोक बसवून पुरतात, भटक्या-विमुक्तांच्या कित्येक जमाती पुरतात, तान्हं बाळ तर बहुतेक सगळेच पुरतात. दुसरं कारण जास्त मोठं आहे. तक्ता पाठ केलेल्या मुलीला वाटतं मला आता माहीत आहे, आणि माहीत आहे असं वाटलं की माणूस विचारायचं बंद करतो. आपल्याला तर नेमकं विचारणंच शिकवायचंय.

मी आता सुरुवात पेशंटपासून करतच नाही, मुलींच्या स्वतःच्या घरापासून करते. पहिल्या तासाला कोरे कागद वाटते आणि तीनच गोष्टी लिहायला सांगते, तुमच्या घरात बाळंतिणीला काय देतात आणि काय देत नाहीत, ताप आला की डॉक्टरच्या आधी काय करतात, आणि पाळी आली की घरात काय बदलतं. नाव लिहायचं नाही. हे नाव न लिहिणं महत्त्वाचं आहे, सुरुवातीला मी मुलींना उभं करून सांगायला लावायचे आणि एका मुलीला वर्गासमोर तिच्या घरचं सांगताना रडू आलं, कारण त्यातून तिची जात आणि घरची परिस्थिती दोन्ही उघडी पडत होती. ती चूक माझी होती. तेव्हापासून कागद घडी करून डब्यात आणि मी वाचून दाखवते.

मग फळा भरायला लागतो. कुणाकडे हळिवाची खीर, कुणाकडे डिंक-मेथीचे लाडू, कुणाकडे बाळंतशोपा, कुणाकडे पाचव्या दिवसापासून मटणाचं अळणी, कोकणातल्या मुलीकडे मऊ भात चालतो तर मराठवाड्यातल्या मुलीकडे बाळंतिणीला भात अजिबात नाही कारण थंड पडतो, आणि पाणी तर कित्येक घरात मोजून देतात. मुली भांडायला लागतात, अगं भाताने काय होतंय, अगं तुमच्याकडे पाणी देत नाहीत म्हणजे काय. पंधरा मिनिटं भांडू द्या. मग विचारा, यातलं अडाणी कोण? वर्ग गप्प होतो. कारण फळ्यावर सगळ्यांची आई, सगळ्यांची आजी असते. आणि बहुतेकींना लहानपणी कुणीतरी मध चाटवलेला असतो, डोळ्यात काजळ घातलेलं असतं. जी गोष्ट वॉर्डात दिसली की त्या नाक मुरडतात ती त्यांच्या घरातून आलेली आहे हे एकदा पोटात गेलं की पुढचं शिकवणं सोपं जातं.

दुसऱ्या तासाला दवाखान्याची संस्कृती. हो, दवाखान्याचीही असते, फक्त आपण तिच्यात राहतो म्हणून दिसत नाही. मुलींना वॉर्डात अर्धा तास नुसतं उभं करा, काम द्यायचं नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं की बाहेरून पहिल्यांदा आलेल्या माणसाला इथं काय विचित्र वाटेल. त्या फार सुंदर गोष्टी टिपून आणतात. माणसाला नावाऐवजी ‘सात नंबर’ म्हणतात. मावशी म्हटलं की आया आणि मामा म्हटलं की वॉर्डबॉय, त्यामुळे पेशंटचे नातेवाईक प्रेमाने कुणाला मावशी म्हणाले की समोरची सिस्टर चिडते आणि त्या बिचाऱ्यांना कळतच नाही काय झालं. घरात बाळंतिणीच्या अवतीभवती चार बायका असतात, इथं कळा चालू असताना ती एकटी, उताणी, अनोळखी माणसांसमोर, आणि वर आपणच ओरडतो की जोर लाव. राउंडच्या वेळी सगळं इंग्रजीत तिच्या डोक्यावरून बोललं जातं. हे सगळे आपले रिवाज आहेत ताई. काही लागतात, इन्फेक्शन कंट्रोलसाठी, कामासाठी. काही नुसती सवय आहे.

ऑपरेशनच्या आधी मंगळसूत्र आणि हिरव्या बांगड्या काढणं हे उदाहरण मी नेहमी घेते. आपल्यासाठी ती प्री-ऑप चेकलिस्टमधली एक ओळ. तिच्यासाठी हातातल्या बांगड्या कधी उतरवतात याचा एकच अर्थ आहे आणि तो अर्थ ऑपरेशनला जाताना कुणालाच मनात यायला नको असतो. मी हे रोलप्ले करून घेते. एक मुलगी पेशंट, एक सासू, एक सिस्टर. पहिल्यांदा सिस्टर म्हणते, काढा सगळं, नियम आहे. दुसऱ्यांदा सिस्टर कारण सांगते, आत रक्त थांबवायला करंटचं मशीन वापरतात, अंगावर धातू असला तर चटका बसू शकतो, सुजेने बांगडी रुतू शकते, म्हणून काढतोय आणि बाहेर आल्या की लगेच घालायचं. मंगळसूत्र सिस्टरने काढायचं नाही, सासूने किंवा नवऱ्याने स्वतःच्या हाताने काढून स्वतःकडे ठेवायचं. वेळ फार तर दोन मिनिटं जास्त जातो. चेकलिस्ट तीच राहते. पण त्या दोन मिनिटांनी त्या बाईचा बीपी किती फरकाने बदलतो ते मुलींनी स्वतः मोजून पाहावं असं मला वाटतं.

थिअरीही शिकवा, पण गोष्टीसारखी. मॅडेलिन लायनिंजर या अमेरिकन नर्स, १९५० च्या दशकात सिनसिनाटीत मुलांच्या मानसिक आरोग्याच्या केंद्रात काम करताना त्यांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या घरातून आलेली मुलं त्याच उपचारांना वेगवेगळी वागतात आणि हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. मग त्यांनी मानववंशशास्त्रात डॉक्टरेट केली, न्यू गिनीत गॅडसप लोकांमध्ये जाऊन राहिल्या, आणि त्यातून ट्रान्सकल्चरल नर्सिंग, म्हणजे पेशंटची संस्कृती समजून घेऊन सेवा करणं, उभं राहिलं. त्यांनी नर्सला तीन वाटा दिल्या, पेशंटची रीत चांगली असेल तर जपा, अडचणीची असेल तर जुळवून घ्या, घातक असेल तर त्याच्याबरोबर बसून बदला. त्यांच्या थिअरीचं सनराइज मॉडेल नावाचं चित्र मुली पाठ करतात आणि विसरतात, या तीन वाटा मात्र आयुष्यभर कामाला येतात.

बाळंतिणीच्या खोलीत त्या कशा वापरायच्या ते बघा. तेलाने मालिश, जपा, फक्त नाका-कानात तेल सोडू नका. हळीव, डिंक, शोपा, मेथी, बाळाला उबेत ठेवणं, पहिल्या बाळंतपणाला माहेरी येऊन आराम, हे सगळं जपा आणि तोंडाने चांगलं म्हणा, नुसतं चालू द्या म्हणू नका. पाचवीला सटवाई पुजायची आहे, वहीपेन ठेवायचंय, नीट करू द्या, कुणाचंही काही बिघडत नाही, आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्या बायका एका जागी सापडतात म्हणून बाळाची उष्णता, नाळ, अंगावर पाजणं हे बोलायला त्याहून चांगला दिवस मिळत नाही. काजळ, बाळाच्या डोळ्यात नको, त्यात शिसं असू शकतं आणि डोळ्याला इन्फेक्शनही होतं, पण आजीला दृष्टीची भीती आहे ती खरी आहे, तर तीट कपाळाला नको, पायाच्या तळव्याला लावा म्हटलं की आजी खुश आणि बाळ सुरक्षित. हे झालं जुळवून घेणं. धुरी, ओवा-शेपा-वावडिंगाची, कोंडलेल्या खोलीत शेगडीवर, इथं थोडं कडक व्हावं लागतं, शेगडी बाहेर आणि खिडकी उघडी, कारण बंद खोलीत कोळशाच्या धुराने आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. आणि चीक काढून टाकणं, मध किंवा गूळपाणी चाटवणं, नाळेला राख-शेण-हळद लावणं, बाळंतिणीला पाणी न देणं, ही बदलायचीच. पहिल्या तासात अंगावर पाजणं आणि सहा महिने वरचं पाणीसुद्धा नाही यावर तडजोड करायची नसते. मध वर्षाच्या आत नको कारण त्यातून बॉट्युलिझम (बाळाला लुळं पाडणारी, श्वासही अडवू शकणारी विषबाधा) होऊ शकतो, हे कारण मुलींना सांगता आलं पाहिजे, नुसतं ‘चालत नाही’ म्हणून भागत नाही.

पण बदलायचं म्हणजे कसं, हे पुस्तकात नाही म्हणून सांगते. चीक टाकणारी आजी वाईट हेतूने टाकत नाही. तिला तो पिवळट, चिकट, जुना वाटतो, बाळाच्या पोटाला बाधेल असं वाटतं. तिला मी गाईचं विचारते. वासरू झाल्यावर पहिला चीक वासराला पाजत नाही का? पाजतात, न पाजलं तर वासरू दगावतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याच चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. मग बाळाचाच का टाकायचा? बहुतेक वेळा आजी स्वतःच म्हणते, हां खरंय गं. आता तो निर्णय आजीचा झाला, आणि आजीचा निर्णय घरात टिकतो. सूनबाईला समजावून काही उपयोग नसतो हे नवीन मुलींना कळत नाही, त्या बाळंतिणीलाच हेल्थ टॉक देतात, फ्लॅश कार्ड दाखवतात आणि खूश होऊन परत येतात. घरात बाळाच्या तोंडात काय जाईल हे ती ठरवतच नाही! म्हणून मी फॅमिली फोल्डरमध्ये, म्हणजे त्या घराच्या नोंदींच्या फाइलीत, एक जास्तीची ओळ लिहून घेते, या घरात निर्णय कोण घेतं.

तशीच लोहाच्या गोळ्यांची गोष्ट. आशाताई नेऊन देतात, बायका घेतात, आणि गोळ्या फळीवर तशाच राहतात. विचारलं तर हो घेते म्हणतात. मुली लिहितात ‘नॉन-कॉम्प्लायंट’, म्हणजे सांगितलेलं न ऐकणारी. मी म्हणते हा शब्द माझ्यासमोर लिहायचा नाही, का घेत नाही ते लिहून आणा. मग कळतं की गोळी उष्ण पडते, मळमळतं, शौचाला काळी होते म्हणून घाबरली, किंवा शेजारणीने सांगितलं की गोळ्यांनी बाळ मोठं होतं आणि मग पोट फाडावं लागतं. प्रत्येक कारणाला वेगळं उत्तर आहे. काळी शौच होणारच, घाबरू नको. मळमळतंय तर रात्री जेवल्यावर घे. चहाबरोबर नको, लिंबू पिळून घे. उष्ण पडते म्हणतेय तर तिच्या भाषेत थंड काय ते तिलाच विचारा, ती ताक म्हणेल, कोकम म्हणेल, बरोबर गोळीच्या वेळी ताक नको पण दुपारी घे म्हणा. आजाराचं एका शब्दात निदान करणं जमतं, माणसाचं नाही जमत.

भाषेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. मुलींची एक वेगळी शब्दवही असते, त्यात पेशंटच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा आणि समोर त्याचा त्या पेशंटसाठी अर्थ. ‘अंगावरून जातंय’ म्हणजे पांढरं की लाल हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. ‘मोकळी झाली’ म्हणजे बाळंत झाली. ‘दिवस गेलेत’ म्हणजे काय हे शहरातल्या काही मुलींना खरंच माहीत नसतं. ‘जीव घाबरा होतोय’ म्हणजे एका बाईला धाप असते, दुसरीला छातीत धडधड आणि तिसरीला घरात मारहाण होत असते. ‘कसकस’ म्हणजे थर्मामीटरमध्ये न दिसणारा ताप, पण तिला तो आहे. ‘पोटात गोळा उठतो’, ‘हातापायाला मुंग्या’, ‘डोकं उठलंय’, ‘बाहेरचं झालंय’. पुरुष पेशंट ‘धातू जातेय’ (वीर्य जातंय) म्हणून खाली मान घालून सांगतो तेव्हा हसायचं नाही, तो महिनोन् महिने त्या भीतीत जगलेला असतो. आणि नंदुरबारला पोस्टिंग असेल तर समोरची बाई भिली किंवा पावरी बोलते, मेळघाटात कोरकू, एटापल्ली-भामरागडला माडिया. तिथं आपली मराठी ही परकी भाषा आहे हे पहिल्या दिवशी सांगून टाका, आणि दुभाषी म्हणून तिच्या लहान मुलाला उभं करू नका, आईच्या पाळीबद्दल दहा वर्षाच्या मुलाला काय विचारणार? आशाताईंना बरोबर घ्या.

विचारायचे प्रश्नही मी ठरवून देते. आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात पेशंटचं स्वतःचं आजाराबद्दलचं म्हणणं समजून घ्यायचे काही प्रश्न मांडले, त्यांचं मी बोली मराठीत करून घेतलंय. तुम्हाला काय वाटतं हे कशानं झालं? आत्ताच का झालं असेल? घरातली मोठी माणसं काय म्हणतात? इथं यायच्या आधी काय काय करून पाहिलं, कुणाला दाखवलं? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? शेवटचा प्रश्न सोडायचा नाही. आणि ‘आधी कुणाला दाखवलं’ हे विचारताना आवाजात पोलीस नको. भगताकडे, भूमकाकडे (मेळघाटातला पारंपरिक वैदू), कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन आलेला माणूस आपण रागावणार म्हणून लपवतो आणि मग त्याने कुठलं झाडपाल्याचं औषध घेतलं ते आपल्याला कळत नाही, आणि लिव्हर आधीच बिघडलेलं असेल तर ते कळणं फार गरजेचं असतं.

गोवराचं उदाहरण इथं चांगलं बसतं. गोवर आला की घरात देवी आली, बया आली म्हणतात, कडुलिंबाचा पाला टांगतात, घरात फोडणी देत नाहीत, बाहेरच्याला आत येऊ देत नाहीत. त्यातलं बाहेरच्याला आत न येऊ देणं ही तर आपली आयसोलेशनच झाली! तेवढं मोठ्याने चांगलं म्हणा, मग व्हिटॅमिन ए, भरपूर पाणी, खाणं बंद करू नका आणि श्वास जोरात चालला तर लगेच आणा, हे सांगायला घरात जागा मिळते.

मोठी माणसं मधुमेहाची असतील तर उपास आला. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, रोजे, जैनांचा चौविहार (सूर्यास्तानंतर अन्नपाणी बंद). ‘डायबेटिसमध्ये उपास करायचा नाही’ हे वाक्य मुली फार लवकर शिकतात, आणि पेशंट मान हलवतो आणि घरी जाऊन उपास करतो, वर दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खातो. त्यापेक्षा सण यायच्या महिनाभर आधी विचारा की यंदा काय करणार आहात. रोजे धरणार असतील तर डॉक्टरांकडून गोळी-इन्सुलिनच्या वेळा बदलून घ्या, बोटातून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही असं बहुतेक उलेमा सांगतात हे माहीत असू द्या, आणि शुगर ७० च्या खाली गेली तर सोडायचा हे आधीच बोलून ठेवा. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणाऱ्या, कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्या मधुमेही माणसाच्या पायाला संवेदना नसते, चटका बसलेला कळत नाही आणि महिन्याभराने तो पाय घेऊन येतो. एका आजोबांना मी नियम सांगितला नाही, पायाचा तळवा आरशात दाखवला आणि विचारलं की देवीला तुमचा चालणारा पाय हवाय ना? त्यांनीच ठरवलं, देवळाच्या पायरीपासून आत अनवाणी, रस्त्यावर चप्पल. तो तोडगा माझ्या डोक्यात कधीच आला नसता.

आता एक गोष्ट ज्याबद्दल मला खरंच पोटतिडीक आहे. गरिबीला आणि व्यवस्थेच्या चुकीला संस्कृती म्हणायचं नाही. मुली कम्युनिटी पोस्टिंगहून येतात आणि रिपोर्टमध्ये लिहितात की ‘अंधश्रद्धेमुळे लोक दवाखान्यात येत नाहीत’. मेळघाटात पोट फुगलेल्या लेकराच्या पोटावर तापलेल्या सळीने डंबा देतात, ते भयंकर आहे, त्यात जपण्यासारखं काही नाही, ते थांबवायचंच. पण त्या आईला हेही विचारा की लेकरू किती वाजता रडायला लागलं, गाडी मिळाली का, पावसात नाला ओलांडता आला का, मागच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर कुणी काय बोललं, आणि मजुरी किती दिवसाची बुडाली. भूमका पाड्यातच असतो, रात्री उठतो, तिच्या भाषेत बोलतो. म्हणून जे लोक भूमकांनाच विश्वासात घेऊन पेशंट दवाखान्यापर्यंत आणायला सांगतात त्यांचं मला पटतं.

बीडच्या ऊसतोड बायकांचं तर त्याहून स्पष्ट आहे. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या सर्व्हेत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. माझ्या वर्गात एका मुलीने लिहिलं होतं की ‘त्या समाजात पिशवी काढण्याची प्रथा आहे’. ही प्रथा कशी होईल? नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, एक दिवस खाडा झाला की पैसे कापणार, फडावर ना संडास ना पाणी, पाळीत दुखलं तर बसायची सोय नाही, आणि अंगावरून जातंय म्हणून गेली तर कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला सांगणारे डॉक्टर. यात संस्कृती कुठं आहे? जी नर्स याला प्रथा म्हणेल ती त्या बाईचा पुढचा प्रश्न कधीच विचारणार नाही.

कुर्माघरावर मात्र मी वर्गात वाद घडवून आणते आणि निकाल देत नाही. गडचिरोलीत माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बायका गावाबाहेरच्या झोपडीत राहतात, पावसाळ्यात साप-विंचवाची भीती, ओल, आजारी पडली तर कळवायची सोय नाही. काही गावांत आता पक्की, पाणी-संडास असलेली कुर्माघरं बांधली आहेत. अर्ध्या मुली म्हणतात चांगलं झालं, आज रात्री ती बाई साप चावून मरणार नाही. अर्ध्या म्हणतात, म्हणजे प्रथेला सिमेंट लावून कायम केलं. दोन्ही बाजूंना दम आहे. मी त्यांना एवढंच विचारते, तिथल्या बायका काय म्हणतात ते तुम्ही ऐकलंय का? काहींना ते चार दिवस कामातून सुटका वाटते आणि काहींना शिक्षा वाटते.

आदर कुठं थांबतो हेही स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर मुली सगळ्यालाच संस्कृती म्हणून सोडून देतात. साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला दवाखान्यात न जाऊ देता मंत्र-गंडेदोरे करणं हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्याने गुन्हा आहे. कुत्रं चावलं तर मिरची-चुना नाही, साबण आणि वाहतं पाणी पंधरा मिनिटं आणि मग लस, इथं वाट बघणं नाही. गर्भलिंग विचारणाऱ्या सासूबरोबर जुळवून घेणं नाही. सोळा वर्षांची गरोदर मुलगी वॉर्डात आली तर तिच्याशी प्रेमाने बोला, पण कायद्याने कळवायचं ते कळवायचंच.

जात हा विषय बहुतेक ट्यूटर टाळतात. टाळू नका. पेशंट आपलं आडनाव विचारतात ते कशासाठी हे सगळ्यांना माहीत असतं. एखाद्या वस्तीत आपली विद्यार्थिनी घरातलं पाणी पीत नाही आणि दुसऱ्या वस्तीत पिते, हे त्या वस्तीला बरोबर कळतं. मी फील्डवर जाताना एक नियम ठेवलाय, पाणी दिलं तर सगळीकडे घ्यायचं किंवा सगळीकडे बाटली दाखवून नको म्हणायचं, मधलं काही नाही.

लोक आपलं दार कुणाला उघडतात हे मुलींना कळावं म्हणून मी दरवर्षी १८९७ सालचं पुणं शिकवते. प्लेग आला, त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा आला, आणि प्लेगचा बंदोबस्त करणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरात घुसले, स्वयंपाकघरात, देवघरात, बायकांना रस्त्यावर आणून तपासलं. रोग शोधणं बरोबरच होतं, प्लेग खरा होता. पण लोक पेशंट लपवायला लागले, आणि शेवटी २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच पुण्यात, त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले मुलगा डॉ. यशवंतच्या दवाखान्यात पेशंट आणत होत्या, मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या एका आजारी पोराला स्वतः पाठीवर घेऊन आल्या, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला गेल्या. रोग एकच, गाव एकच. मी मुलींना विचारते, तुमच्या घरी प्लेगचा पेशंट असता तर दार कुणाला उघडलं असतं? याच्यावर लेक्चर द्यावं लागत नाही. त्याच्या शेजारी मी गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेचं काम ठेवते, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या लोकांना विचारून दवाखाना बांधला, झोपड्यांसारख्या खोल्या, नातेवाइकांना राहायची सोय, नाव माँ दंतेश्वरीचं, आणि गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली तर नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. विचारून केलेल्या कामाचा असा आकडा दाखवला की ‘संस्कृती म्हणजे मवाळ विषय’ म्हणणाऱ्या मुलीही सरळ बसतात.

शेवटी परीक्षेचं, कारण मार्क जिथे असतात तिथेच मुली अभ्यास करतात हे तुम्हालाही माहीत आहे. न्यूझीलंडमध्ये इरिहापेती रॅम्सडेन या माओरी नर्सने ‘कल्चरल सेफ्टी’ची कल्पना मांडली, तिची सुरुवात १९८८ मधल्या एका बैठकीत माओरी विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नातून झाली, की तुम्ही कायद्याची सेफ्टी म्हणता, नीतीची म्हणता, मग आमच्या संस्कृतीच्या सेफ्टीचं काय? १९९२ मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलने ती अभ्यासक्रमात घेतली. त्यातली एक गोष्ट मी उचलली. सेवा सुरक्षित झाली की नाही हे नर्सने ठरवायचं नाही, पेशंटने ठरवायचं. म्हणून माझ्याकडे केअर प्लॅनच्या (एका पेशंटच्या सेवेची लेखी आखणी) २५ मार्कांपैकी ५ मार्क मी देत नाही. विद्यार्थिनी निघून गेल्यावर मी पेशंटजवळ किंवा तिच्या आईजवळ जाऊन बसते आणि तीन गोष्टी विचारते, ती पोरगी तुम्हाला काय म्हणून हाक मारत होती, तिने तुम्हाला काय विचारलं, आणि तिला सांगायचं राहून गेलं असं काही आहे का. तिसऱ्याचं उत्तर आलं की ते मी त्या मुलीला नेऊन सांगते आणि परत पाठवते. अंतर्गत मार्कांत हे बसवायला प्राचार्यांची परवानगी लागेल, ती सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच लेखी घेऊन ठेवा, नंतर कुणी ऐकत नाही.